पाटे वेल्ड करण्याआधी हे बघा
गाडीचे जुने पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या) कापून कल्टिव्हेटरचे फण करायचे आणि थेट चॅनलच्या फ्रेमला वेल्ड मारायचे ही आयडिया भारीये, पण वेल्डिंगपाशी जरा थांबा. पाटा म्हणजे स्प्रिंग स्टील, कार्बन जास्त. साध्या ६०१३ वेल्डिंग रॉडने टाका दिसायला झकास बसतो, पण टाक्याच्या कडेचा भाग भराभर थंड होऊन काचेसारखा कडक होतो आणि एखादा दगड लागला की टाका शाबूत, पाटाच शेजारून कटकन तुटतो. कधी तर थंड होतानाच टिंग असा आवाज येतो, तेव्हाच समजायचं चीर गेली.

त्यापेक्षा माइल्ड स्टीलचं ब्रॅकेट फ्रेमला वेल्ड करा आणि पाटा त्यात यू-बोल्टने आवळा, झिजला की बदलताही येतो. वेल्डच करायचाय तर आधी अडीचशे-तीनशे डिग्री तापवा, ७०१८ रॉड (लो-हायड्रोजन प्रकारचा) घ्या (कोरडा हं, सादळलेला नको) आणि नंतर सुक्या राखेत गाडून सावकाश थंड होऊ द्या, पाणी अजिबात मारू नका.

आणि रोटर (फिरता भाग) चालवायला गाडीचा जुना डिफरन्शियल (दोन्ही चाकांच्या अ‍ॅक्सलना फिरवणारा गिअरचा डबा) लावणार असाल, तर एका बाजूचा अ‍ॅक्सल जाम केला की दुसऱ्या बाजूचा स्पीड डबल होतो, बऱ्याच जणांचं गणित इथेच चुकतं. पीटीओ (ट्रॅक्टरचा अवजार फिरवणारा शाफ्ट) ५४० आरपीएमचा आणि रेशो ४:१ असेल तर १३५ नाही, २७० मिळणार. स्प्रॉकेट त्या हिशोबाने निवडा, आणि शाफ्टचं गार्ड ट्रायलच्या आधीच बसवा.