तंजावर: आई-बाबांना घेऊन चार दिवस. काय ठेवू, काय गाळू?

सांजवारा:
नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांना घेऊन तंजावरला जायचं घाटतंय. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांना 'आपल्या भोसल्यांचं तंजावर' बघायचंय. आईला मधुमेह आहे, गुडघे कुरकुरतात, पण पक्षी म्हटलं की पहाटे चारला चहा पिऊन तयार. मी निव्वळ खादाड. हातात पूर्ण चार दिवस आहेत. ट्रॅव्हलवाल्याने आखून दिलंय ते असं: तंजावर अर्धा दिवस, मग मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी. अर्ध्या दिवसात तंजावर होतं का? आणि रोज इडली-डोसाच खावा लागेल का? जाऊन आलेल्यांनी सांगा.

कावेरीकाठची सून:
माहेर सातारा, सासर तंजावरी मराठी. एकोणीस वर्षं जा-ये आहे, म्हणून हक्काने सांगते: तो कागद फाडा. चारही दिवस तंजावरलाच ठेवा. त्रिचीपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने या, पुढे पंचावन्न-साठ किलोमीटर, बसेस सारख्या असतात.

मोठं देऊळ (तिथे 'पेरिय कोविल' म्हणतात, रिक्षावाल्याला 'बृहदीश्वर' सांगून उपयोग नाही) दोनदा बघा. एकदा सकाळी उघडल्या उघडल्या, एकदा संध्याकाळी. दुपारी बाराच्या पुढे गाभारा बंद होतो, तो चारच्या सुमारास उघडतो. मी लग्नानंतर पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात, भर साडेबाराला. चपला बाहेर काढलेल्या, अंगणातला दगड तव्यासारखा तापलेला. नवी सून अंगणभर टणाटण उड्या मारत होती आणि सासूबाई सावलीत उभ्या राहून शांतपणे बघत होत्या. जानेवारीत इतकं नाही, तरी आईंसाठी जाड मोजे घ्या.

राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साधारण ६६ मीटर उंच, आणि सगळं ग्रॅनाइटचं. हा मुलूख गाळाचा, नांगर लावला तर खडा लागत नाही. म्हणजे एवढा दगड बाहेरून ओढून आणला! बाबांना मात्र आधी आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे न्या. तिथल्या भिंतीवर भोसल्यांच्या कुळाचा मराठी इतिहास कोरलाय, दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये. माझे वडील तिथे चष्मा पुसत पुसत ओळीवर बोट फिरवत पाऊण तास उभे होते. त्यांना जेवायला ओढून न्यावं लागलं.

राजवाड्याबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर बाबा हिरमुसतील. वाडा मूळचा भोसल्यांआधीच्या नायक राजांचा, भोसल्यांनी वाढवलेला, आणि काही भाग पार रया गेलेला आहे. दरबार हॉल बघा, चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन तर अजिबात चुकवू नका, आणि सरस्वती महालाच्या संग्रहालयात निवांत थांबा. ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं आहेत, मोडीतली दफ्तरं आहेत. आपल्याला त्यातलं थोडंच मांडलेलं बघायला मिळतं. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

आता जेवण. इडली-डोसा नाश्त्याला. दुपारी केळीच्या पानावरचा 'सापाड' घ्या आणि पानाच्या वरच्या अंगाला काय वाढतात ते नीट बघा. काकडी, भिजवलेली मूगडाळ, खोबरं, वरून मोहरीची फोडणी: त्याला तिथे 'कोसुमल्लि' म्हणतात. उच्चार दोनदा मनात करा. कोशिंबीर! पहिल्या दिवशी मला ते कळलं तेव्हा पंगतीतच हसू फुटलं. 'पिटलै'चं मात्र उलटं. नाव आपल्या पिठल्याचं, आणि आत बेसनाचा कणही नाही. तुरीची डाळ, वांगी किंवा कारलं, भाजलेले धणे आणि खोबरं. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं ही गोष्ट तुम्हाला तिथे दहा जण सांगतील. ऐका, मान हलवा, पुरावा मागू नका, पोळी भाजीत बुडवल्यासारखी ती गोष्ट सांबाराबरोबर गिळा. वाढप्याला थांबवायचं तर 'पोदुम' म्हणा, आणि हात पानावर आडवा धरा. नुसत्या शब्दाला ते जुमानत नाहीत. आईंसाठी कॉफी सांगताना 'सर्क्करै इल्लामल', म्हणजे बिनसाखरेची. पितळी डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, येईल, फेसासकट. बिनसाखरेची फिल्टर कॉफी कडू लागते, पण दुसऱ्या दिवशी आवडायला लागते.

तुमच्यासाठी तिरुवैयारूचा अशोका हलवा. तंजावरपासून तेराएक किलोमीटर. मूगडाळ शिजवून तूप-साखरेत इतकी घोटतात की डाळीचा पत्ता लागत नाही. केशरी, लपथपीत, पानाच्या तुकड्यावर घातला की कडेने तूप सुटतं. आईंसमोर खाऊ नका. तिथेच कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला आराधना असते, शेकडो गायक-वादक मांडीला मांडी लावून बसतात आणि पंचरत्न कृती एका सुरात म्हणतात. कालनिर्णय बघून तारीख जुळवता आली तर बघा.

आपल्याकडच्या लोकांना हे फार कमी ठाऊक असतं: भोसल्यांच्या काळात इथे मराठी कीर्तनकार आले आणि त्यांच्या कीर्तनातून तमिळ हरिकथा आकाराला आली. आजही हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद येतात. तमिळ बुवा मध्येच दिंडीच्या चालीवर जातो तेव्हा बाबांचा चेहरा बघा. माझ्या मते भिंतीवरच्या शिलालेखापेक्षा आपली माणसं इथे जास्त उरली आहेत. अर्थात हे बाबांना पहिल्याच दिवशी सांगू नका.

रानवाटा:
आईंच्या पक्ष्यांचं मी सांगतो. कोडियक्करै, म्हणजे पॉइंट कॅलिमियर. तंजावरहून शंभरेक किलोमीटर, वेदारण्यमवरून. जानेवारी उत्तम. दलदलीत फ्लेमिंगो, किनाऱ्यावर चिखलपक्ष्यांचे थवे, आणि गवताळ पट्ट्यात काळवीट. रानटी झालेले घोडेही हिंडतात. दुर्बीण न्याच, फ्लेमिंगो लांब असतात, नुसत्या डोळ्यांना गुलाबी रेघ दिसते. वाटेत मिठागरं लागतात. १९३० मध्ये राजाजींची (चक्रवर्ती राजगोपालाचारी) मिठाची पदयात्रा त्रिचीहून निघून इथेच, वेदारण्यमला आली होती. गाडी पहाटेच काढा. दहानंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं.

मुथुपेट्टैची खारफुटीही सुंदर आहे, पण होडी आणि वनखात्याची परवानगी यात अर्धा दिवस जातो, आणि होडीत चढ-उतार गुडघ्यांना जड. गाळा.

चौकसबुवा:
त्या देवळाच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात, ते बघायचं कुठून?

कावेरीकाठची सून:
चौकसबुवा, सकाळी आठला अंगणात या, सावलीतच उभे राहाल. मी दरवेळी त्याच सावलीत बसते.

रानवाटा, बरं आठवलं. त्याच समुद्राकडे पट्टुकोट्टैच्या पुढे 'मनोरा' आहे. हो, आपला मराठी मनोराच! नेपोलियन हरला म्हणून सरफोजीराजांनी इंग्रजांच्या कौतुकात बांधला, १८१४-१५ च्या सुमारास. षट्कोनी, आठ मजली. बाबांना हे पचणार नाही, पण वाद घालायला विषय मिळेल. समोरची पाल्कची सामुद्रधुनी उथळ, तळाशी समुद्री गवत, आणि ते चरायला येणारी डुगाँग, म्हणजे समुद्री गाय. तमिळनाडूने २०२२ मध्ये याच किनाऱ्यालगत डुगाँगसाठी ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र केलंय, देशातलं पहिलं. डुगाँग दिसेल अशी आशा धरू नका. वारा मात्र झकास असतो. आम्ही एकदा पाणी न घेता गेलो होतो, तेवढं करू नका.

आणि संक्रांतीला तिथे असाल तर दुसऱ्या दिवशी, माट्टु पोंगलला (गुरांच्या सणाला), मोठ्या देवळातला नंदी बघायला जा. भोपळे, वांगी, केळी, मिठाया यांनी तो असा मढवतात की दगड शोधावा लागतो. मात्र खोली आत्ताच बुक करा, सगळा तमिळनाडू तेव्हा गावी निघालेला असतो.

सांजवारा:
ट्रॅव्हलवाल्याला 'नको' म्हणून कळवलं! शिलालेखाचं बाबांना सांगितलं, ते आत्तापासून भिंग शोधतायत. आईने वेगळाच प्रश्न विचारलाय: मधुमेहाला चालेल असं तुमच्या सासरचं घरगुती काही?

कावेरीकाठची सून:
डांगर पचडी. उडदाची डाळ कोरडी खमंग भाजून बारीक दळायची, घुसळलेल्या दह्यात ते पीठ, मीठ, हिरवी मिरची, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. कालवलं की लगेच वाढा, पाच मिनिटांत घट्ट होते. उडदाचं डांगर माझ्या साताऱ्याच्या आजीकडेही व्हायचं, त्यामुळे सासरी मला परकं वाटलं नाही ते फक्त ताटात.

प्रमाण विचारू नका. सासूबाईंची वही मराठीत आहे, पण तमिळ लिपीत. त्यात क, ख, ग, घ सगळ्यांना एकच अक्षर. तेव्हा पीठ 'घाल' आहे की 'काल'चं आहे, हे मी अजून त्यांना फोन करूनच विचारते.