मदत हवी आहे: गुलबर्ग्याच्या जामी मशिदीच्या छताबद्दल

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात सोलापूरहून गुलबर्ग्याला गेलो होतो. किल्ल्यातली जामी मशीद पाहिली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

१३६७ सालची, बहमनी काळातली ही मशीद. मोठ्या मशिदीत मधोमध उघडं अंगण असतं, आपल्याकडे दौलताबादलाही आहे. इथे ते नाहीच. सगळी जागा छताखाली: पश्चिमेला मिहराबापुढे (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यापुढे) एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये ओळीने मांडलेले छोटे घुमट. कडेच्या ओवऱ्यांच्या कमानी इतक्या रुंद आणि इतक्या खालून सुरू होतात की खांब जेमतेम कमरेएवढे वाटतात. दुपारी तिथे बसलो होतो. बाजूने आलेला उजेड चुन्याच्या भिंतींवरून सरकत आत जात होता, आणि दिवा नसतानाही मधल्या ओळींतलं सगळं नीट दिसत होतं. फार सुंदर जागा आहे.

माझी भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती याच मशिदीचं मॉडेल करतेय. आमचं घोडं अडलंय ते छतावर. इतक्या घुमटांच्या मधल्या खोलगट जागांत साचणारं पावसाचं पाणी खाली कसं उतरवलंय? पन्हळी कुठे आहेत, उतार कुठल्या बाजूला? कुणी छत जवळून पाहिलंय का? मोजमापांसह उभा छेद (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारं रेखाचित्र) कुणाकडे असेल तर फारच उपकार होतील. मॉडेल पंधरा दिवसांत द्यायचं आहे.