होल्मन हंट यांची किनाऱ्यावरील मेंढरे: नुसते निसर्गचित्र की आणखी काही?

कुंचला: लंडनच्या टेट संग्रहालयातील विल्यम होल्मन हंट यांच्या ‘अवर इंग्लिश कोस्ट्स, १८५२’ या चित्राची मोठी छापील प्रत नुकतीच पाहण्यात आली. समुद्रालगतच्या कड्याच्या उतारावर मेंढरे आहेत, त्यांतली काही काटेरी जाळीत गुंतली आहेत, आणि मेंढपाळाचा मात्र पत्ता नाही. हेच चित्र ‘स्ट्रेड शीप’, म्हणजे चुकलेली मेंढरे, या नावानेही ओळखले जाते. एका चित्राला दोन नावे का पडली, आणि लोकरीत निळ्या-जांभळ्या छटा कशासाठी, हे जाणकारांनी सांगावे.

रानवाटा: नावांचे उत्तर त्या काळच्या राजकारणात आहे. डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियनने फ्रान्सची सत्ता बळकावली, तेव्हापासून फ्रेंच स्वारीच्या आणि आपला किनारा असंरक्षित असल्याच्या चर्चेने इंग्लंडमध्ये जोर धरला होता. अशा वेळी, १८५३ मध्ये रॉयल अकादमीत, ‘आमचे इंग्लिश किनारे’ म्हणून राखणदाराविना कळप मांडला की बघणाऱ्याने काय ते ओळखावे. पुढे १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात चित्र गेले ते ‘चुकलेली मेंढरे’ होऊन. तोवर क्रिमियाच्या युद्धात इंग्रज आणि फ्रेंच एका बाजूने लढत होते, त्यामुळे जुने नाव यजमानांपुढे शोभलेही नसते. नव्या नावाने बायबलमधील वाट चुकलेल्या कळपाचा अर्थ पुढे आला, पण तो चित्रात आधीपासून होताच, असे माझे मत आहे.

उन्हाळी: अर्थ लावण्याआधी चित्र कसे जन्माला आले ते पाहावे. हंट यांच्या ‘द हायरलिंग शेफर्ड’ या आधीच्या चित्रातील मेंढरांची तेवढी प्रतिकृती एका ग्राहकाला हवी होती. हंट यांनी तिच्याऐवजी नवे चित्र सुचवले आणि हेस्टिंग्जजवळच्या फेअरलाइट येथे उघड्यावर बसून ते रंगवले. रंगांविषयी सांगायचे, तर सावली म्हणजे काळपट तपकिरी हा चित्रशाळेतला शिरस्ता त्यांनी मोडला. उन्हातल्या पांढऱ्या लोकरीच्या सावलीत आकाशाचा निळेपणा उतरतो, तो त्यांनी दिसला तसा ठेवला. मेंढरांचे कानही नीट पाहा: पातळ कातडीतून ऊन आरपार येते, म्हणून ते लालसर झाले आहेत आणि आतल्या शिरा दिसतात. प्रत्यक्ष उन्हाचा असा खरा तोल येथेच प्रथम साधला, अशा आशयाची प्रशंसा समीक्षक जॉन रस्किन यांनी पुढे केली, आणि ती मला अवास्तव वाटत नाही.

कुंचला: दोघांचे आभार. मात्र मागणी मेंढरांच्या प्रतिकृतीची होती म्हणून राजकीय अर्थ बाद होतो, असे मला वाटत नाही. शीर्षकात साल घालण्याची गरज निसर्गचित्राला सहसा नसते.

उन्हाळी: सालाचा मुद्दा मान्य आहे. अर्थ बाद करण्याचा माझा हेतू नव्हता. इतके ऊन डोळ्यांसमोर असताना चर्चा नावापाशीच अडू नये, एवढेच म्हणायचे होते.