तोडल्या जाणाऱ्या जुन्या रायवळ आंब्याचा वाण कसा राखावा? (इंदूर)

रामबागकर: वाड्याच्या परसातला जुना रायवळ दिवाळीनंतर बांधकामासाठी तोडणार आहेत. फळ लहान, पण रस दाट आणि कैरी लोणच्यात मऊ पडत नाही. यंदाच्या कोयी ठेवल्या आहेत. त्या लावल्या तर हाच आंबा मिळेल ना? की गुटी बांधू (फांदीची साल काढून तिथेच मुळं फोडू)?

कलमवेडा: कोयीतून हाच आंबा येईल असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून एकच रोप निघतं आणि त्यात दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला असतो. गुटीला आंब्यात मुळं सहसा धरत नाहीत. कलमच करा. कोयी मात्र खुंटासाठी, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या रोपासाठी, हव्यात. वाळल्या की रुजत नाहीत, म्हणून आठवड्याभरात पिशव्यांत लावा.

खरी अडचण काडीची, म्हणजे जुन्या झाडावरून कापून खुंटावर बसवायच्या फांदीच्या तुकड्याची. म्हाताऱ्या झाडावर जोमदार फूट कमी असते. आत्ताच, जूनच्या सुरुवातीला, उन्हातल्या पाच-सहा फांद्या अंगठ्याएवढ्या जाडीवर छाटा आणि घावाला बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर). तिथे येणारी नवी फूट सप्टेंबरात तीन महिन्यांची होईल, तिच्यावर दुसरी खेप. जुलै-ऑगस्टमध्ये आहे त्या काडीवर पहिली खेप बांधून घ्या. एकाच खेपेवर सगळं सोपवू नका, झाड पुन्हा मिळणार नाही.

काडी पेन्सिलीएवढी जाड, १० ते १५ सेंमी लांब. कापायच्या ८-१० दिवस आधी पानं खुडा, देठ ठेवा. बोट लावताच देठ गळला आणि डोळा फुगलेला, पण फुटलेला नसला, की काडी तयार.

रामबागकर: आणि बांधायचं कसं, दादा?

कलमवेडा: रोपाची पानं तांबूस असतानाच शेंडा उडवून ४ सेंमी उभा काप द्या. काडीला तेवढीच पाचर करून बसवा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा, वर पेप्सीची (बर्फाच्या कांडीची अरुंद प्लॅस्टिक) पिशवी टोपीसारखी घाला. जोडात पावसाचं पाणी शिरलं की काडी काळी पडते. खुंट हिरवा होऊन गेला असेल तर त्याच्या नव्या तांबूस फुटीवर मृदकाष्ठ कलम करा.

बडोद्याची_बाग: मोहोराचा गुच्छा होणाऱ्या (मोहोर आखडून झुपका होण्याचा रोग असलेल्या) फांदीची काडी घेऊ नका, रोग कलमातून जातो. काही काड्या दुसऱ्या गावीही पाठवा. ओल्या, पण निथळलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये ठेवल्या तर तीन-चार दिवस टिकतात. पाणी साचलं तर बुरशी येते. प्रत्येक कलमाला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं नाव बांधा, पेनची शाई उन्हात उडते.