मदत हवी आहे: दाताचे डॉक्टर म्हणतात आधी शुगर, शुगरचे डॉक्टर म्हणतात आधी दात

लष्करकर
ग्वाल्हेरहून लिहितोय. आईच्या हिरड्यांतून रक्त येतं, खालचे पुढचे दात हलतात, तोंडाला वास येतो. दाताचे डॉक्टर म्हणाले चार दात काढावे लागतील, पण शुगर खाली आणून या. शुगरचे डॉक्टर म्हणतात तोंडात एवढी घाण असताना शुगर उतरणार कशी, आधी दातांचं बघा. आता कुणाचं ऐकायचं? "डॉक्टरांना विचारा" असं कृपा करून लिहू नका, दोघांनाही विचारून झालंय.

कडूकारलं
शुगर किती, वय किती, गोळ्या कुठल्या? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

लष्करकर
वय ६३. शुगर वाढलेलीच असते.

कडूकारलं
"वाढलेली" हा आकडा नाही हो. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, केलीय का?

तेलगुळणी
रोज सकाळी तिळाचं तेल तोंडात धरायचं, पंधरा मिनिटं. वर तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या. माझे सासरे ८१ वर्षांचे, एक दात पडलेला नाही. डॉक्टरांच्या नादी लागलात तर सगळी बत्तिशी काढून ठेवतील.

हिरडीताई
मी बडोद्याला दातांची प्रॅक्टिस करते, हिरड्यांचंच काम जास्त. तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत, म्हणून तर पंचाईत. शुगर जास्त राहिली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखम भरायला वेळ लागतो. त्यामुळे साधी सूज हाडापर्यंत उतरते. आणि हिरडीतली ती कायमची सूज रक्तात अशी द्रव्यं सोडत राहते की इन्सुलिनचा उपयोग कमी होतो, शुगर आणखी चढते. एकातून दुसरं.

पण दात काढणं आणि हिरड्यांची आतून सफाई ही दोन वेगळी कामं आहेत. पू किंवा गालाला सूज नसेल तर काढायचे दात थोडे थांबू शकतात. सफाईला बहुधा थांबावं लागत नाही. स्केलिंग आणि रूट प्लेनिंग म्हणतात, बधिर करून दोन-तीन बैठकांत होतं. अशा सफाईनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी झालेली अभ्यासांत दिसते. ९ ची ६ होत नाही, औषधं चालूच ठेवायची. पण एका सफाईतून एवढं मिळत असेल तर का सोडा?

पू आहे का? तंबाखू? आणि त्या गोळ्या राहिल्याच.

कडूकारलं
स्केलिंगनेच दात हलायला लागतात. माझ्या मावशीचे आधी घट्ट होते, साफ करून आणले आणि सगळे खिळखिळे.

हिरडीताई
घट्ट नव्हते, टार्टरच्या, म्हणजे साचून कडक झालेल्या मळाच्या, थराने एकमेकांना चिकटून उभे होते. थर गेला, सूज उतरली, की मुळं उघडी पडतात आणि दातांत फटी दिसतात. हाड आधीच गेलेलं असतं. काही दिवस थंड पाणी झोंबतं, तेही खरं.

कडूकारलं
मावशीला जाऊन सांगा.

मुरारकाठी
ग्वाल्हेरचे म्हणजे थंडीत गजक (तीळ-गुळाची मिठाई) चालू असणार! मुरैन्याची खाता की तुमच्या महाराज बाड्यावरची?

तेलगुळणी
गजक मुरैन्याचीच. बाकी सगळी नक्कल.

मुरारकाठी
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली खाल्लेली दिसत नाही तुम्ही.

लष्करकर
गजकचा धागा वेगळा काढा राव. रिपोर्ट सापडला, एचबीएवनसी ९.३. गोळ्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन. पू दिसत नाही. तंबाखू आई खात नाही. दातसुद्धा नेमाने घासते, सकाळी गुल आणि रात्री पेस्ट.

हिरडीताई
गुल??

लष्करकर
गुल मंजन. लग्नाआधीपासून लावते. त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते.

कडूकारलं
अहो गुल म्हणजे तंबाखूच! आपल्याकडच्या बायका मशेरी लावतात तसलंच. तीन वेळा विचारून घ्यावं लागलं.

लष्करकर
एकदाच विचारलं होतं, तेही तुम्ही नाही. आमच्याकडे त्याला कुणी तंबाखू म्हणत नाही.

कवळीवाले
सगळे दात काढून कवळी बसवा, कटकट मिटली. मी २०१४ ला बसवली, भुट्टासुद्धा खातो.

हिरडीताई
लष्करकर, तीन गोष्टी. गुल सुटलं नाही तर सफाईचा फायदा नीट टिकणार नाही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा छाला आहे का, तेही डॉक्टरांना मुद्दाम बघायला सांगा. दुसरं, अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात. दातांमधल्या हिरडीचे कोंब जाड झालेत का बघा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, बदलता येते का ते बीपीच्या डॉक्टरांना विचारा. तिसरं, ग्लिमेपिराइड चालू आहे, म्हणून दाताच्या दवाखान्यात उपाशी नेऊ नका. नाश्ता आणि गोळ्या वेळेवर, नंबर सकाळचा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा.

आणि प्रत्येक दाताभोवती दात आणि हिरडीमधल्या फटीची खोली मोजून लिहून घ्या. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्या चार दातांचे आकडे आणि एक्स-रे बघितल्याशिवाय काढायचेत की नाही ते मीही सांगणार नाही. सफाईनंतर एखाद-दुसरा वाचतोही.

तेलगुळणी
म्हणजे तेलाचा काहीच उपयोग नाही?

हिरडीताई
करा खुशाल. हिरडीखालचा टार्टर त्याने निघत नाही.

लष्करकर
हिरड्या फुगलेल्या आहेत, आत्ताच टॉर्च मारून बघितलं. आम्हाला तो दातांचाच रोग वाटत होता. सफाईचा नंबर घेतो, मापं आली की इथे टाकतो. शुगरच्या डॉक्टरांना काय सांगू?

हिरडीताई
सफाईची तारीख सांगा आणि त्यानंतर तीन महिन्यांनी एचबीएवनसी लिहून मागा. शक्य असेल तर दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, चिठ्ठीवर भागत नाही.

लष्करकर
आणि गुल? गल्लीच्या तोंडावरच दुकान आहे, आई स्वतः जाऊन डबी आणते.

मुरारकाठी
माझ्या आजीची मशेरी सुटली ती भाजलेल्या बडीशेपेवर, रोज थोडं थोडं कमी करून. एकदम हिसकावून घेतलंत तर लपवून लावतील.