पार्किन्सन्ससाठी छातीवर लावायचं थरथरणारं यंत्र, घ्यावं का?

कोपरीकर
बाबांना पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली. गोळ्या वेळेवर चालू आहेत, हाताची थरथर तशी आटोक्यात आहे पण आता फ्रीझिंग सुरू झालंय, म्हणजे बाथरूमच्या उंबऱ्याशी आले की पाय फरशीला चिकटल्यासारखे, वरचं अंग पुढे आणि पाय मागेच, दोनदा पडता पडता वाचले. लंडनचा आतेभाऊ म्हणतोय छातीच्या मधल्या हाडावर चिकटवायचं छोटं यंत्र मिळतं, ते तालात थरथरतं आणि चालणं सुधारतं. व्हिडिओपण पाठवलाय, एक आजी खुर्चीतून उठून चक्क तुरुतुरु चालायला लागतात. सगळं धरून 70 हजारांच्या घरात जातंय. न्यूरोलॉजिस्टना विचारलं तर म्हणाले "नुकसान काही नाही, पण पुरावाही फारसा नाही." आता ह्या वाक्याचं मी काय करू? कोणी वापरलंय का?

शंकासुर
घेऊ नका. हे थरथरण्याचं खूळ आजचं नाही. पॅरिसच्या शार्को डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की लांबचा आगगाडीचा नाहीतर घोडागाडीचा प्रवास करून आलेल्या ह्या पेशंटना बरं वाटतं, म्हणून त्यांनी हलणारी खुर्चीच बनवून घेतली, 1892 ची गोष्ट. मग 2012 मध्ये शिकागोच्या डॉक्टरांनी ते नीट तपासलं, 23 पेशंट, निम्म्यांना खरी थरथर आणि बाकीच्यांना नुसता आवाज. दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत फरक काही नाही! आता तीच खुर्ची छातीवर चिकटवून विकतायत.

मेथीचे_लाडू
शंकासुर, खुर्ची वेगळी आणि हे वेगळं हो. स्टॅनफर्डचे पीटर टास बोटांना ठरावीक क्रमाने थरथर देणाऱ्या ग्लोव्हजवर किती वर्षं काम करतायत, मेंदूतल्या पेशी एकाच ठेक्यात अडकतात तो ठेका मोडायचा अशी कल्पना आहे. म्हणजे विचार करून केलेलं आहे, जत्रेतलं तेल नाही.

शंकासुर
कल्पना छानच आहे. पण 2021 ला जे छापून आलं त्यात पेशंट बोटावर मोजण्याइतके आणि तुलनेला दुसरा गटच नाही. टास स्वतः अजून ट्रायल करतायत आणि आपण कार्ड स्वाइप करायला निघालो.

मेथीचे_लाडू
आमच्या सासूबाईंना मी मनगटावरचं एक घेतलं होतं. सहा आठवडे त्या स्वतः पोळ्या लाटत होत्या, वाकड्यातिकड्या, पण लाटत होत्या. प्लासिबो, म्हणजे नुसत्या विश्वासाने आलेला गुण, म्हणा हवं तर. 2001 मध्ये कॅनडात स्कॅन करून दाखवलंय की पार्किन्सन्सच्या पेशंटला खोट्या औषधानेही मेंदूत खरंखुरं डोपामिन, म्हणजे ह्या आजारात कमी पडतं तेच रसायन, सुटतं. मग त्या पोळ्या खोट्या कशा?

शंकासुर
आणि सातव्या आठवड्यात?

मेथीचे_लाडू
ड्रॉवरमध्ये आहे :( पण ते सहा आठवडे मी परत करणार नाही कोणाला.

शंकासुर
मग हेपण ऐका. सिनसिनाटीला 2015 मध्ये 12 पेशंटना नुसतं सलाइनचं पाणी टोचलं, एकदा सांगितलं हे 100 डॉलरचं औषध आणि एकदा 1500 डॉलरचं. महागड्या पाण्याने हालचाल जास्त सुधारली. म्हणजे 70 हजार ही किंमत नाही, तेच औषध आहे 😀

फिजिओ_सांगली
एक घोळ होतोय. सीई मार्क, म्हणजे युरोपात विकायच्या वस्तूंवरचं चिन्ह, बघून "मान्यता आहे" म्हणतात लोक, पण कमी जोखमीच्या उपकरणावर तो कंपनी स्वतःच जाहीर करून लावू शकते. उपकरण गुण देतं असा त्याचा अर्थ होत नाही. आणि मोजणारी घड्याळं वेगळी बरं का, दिवसभरात हालचाल कधी मंदावते ते नोंदवतात, डॉक्टर त्यावरून डोस ठरवतात, ती उपयोगी आहेत.
कोपरीकर, फ्रीझिंगला मुळात बाहेरून इशारा लागतो. उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर ठळक रंगाच्या टेपच्या आडव्या पट्ट्या लावा, एकेका पावलाच्या अंतरावर, आणि पट्टी ओलांडायला सांगा. नाहीतर मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे एका तालात टिकटिक करणारं अ‍ॅप, फुकट मिळतं. अडकले की हात धरून ओढू नका, थांबा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला लावा, मग पाऊल. ते यंत्रसुद्धा बहुतेक असाच इशारा देत असावं असं माझं मत. फिजिओ लावला असेल तर ते पैसे तोडून यंत्र घेऊ नका, एवढं मात्र हात जोडून सांगते.

दादरचा_मी
मलाच आहे, वय 61, म्हणून बोलतो. त्या आजींचा व्हिडिओ किती वाजता काढला ते विचारा आतेभावाला. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने मीपण तुरुतुरु चालतो, काहीही न चिकटवता, आणि गोळी उतरत आली की ह्याच घरात दिवाणाला धरून उभा असतो. माझे दोन व्हिडिओ काढून मधे काहीही विकता येईल, केळंसुद्धा. तरी शंकासुरांना एक सांगतो, पुरावा यायला दहा वर्षं लागली तर तेव्हा मी कुठल्या अवस्थेत असेन? म्हणून मीपण एक मागवलं होतं, परत घेण्याची अट बघूनच. रोज त्याच वेळी, गोळीनंतर तेवढ्याच मिनिटांनी, गॅलरी ते दरवाजा घड्याळ लावून चाललो, एक आठवडा यंत्र लावून, एक आठवडा न लावता. आकडे बायकोने लिहिले, मला दाखवायचे नाहीत अशी अट. तरी थरथर तर मला कळतच होती, ती लपवणार कशी, म्हणजे परीक्षा कच्चीच. चार सेकंदांचा फरक आला आणि तोही कधी इकडे कधी तिकडे. परत केलं.

कोपरीकर
सगळ्यांचे आभार. काल निळी टेप लावली बाथरूमबाहेर. बाबा आधी चिडले, "मी काय लंगडी खेळू का?" मग रात्री आईने सांगितलं की गुपचूप ओलांडून गेले, दोनदा. सकाळी मात्र तिसऱ्या पट्टीवर अडकलेच. आतेभावाला विचारलंय, यंत्र परत करायची मुदत किती दिवसांची आणि भारतातून पाठवलं तर घेतात का. अजून उत्तर नाही, व्हिडिओ मात्र आणखी एक आलाय.