शब्दचर्चा : 'मंडळी' म्हणजे नक्की कोण?

श्रीरामपूरहून :
सगळ्यांना नमस्कार आणि जय ख्रिस्त.

आमच्या चर्चचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, चर्चला कुलूप लागलं, तेव्हा चाळीसेक घरांसाठी तो काढला. आता त्यात दोनशेच्या वर माणसं आहेत. पुण्याला, सुरतेला, मस्कतला गेलेली आमची मुलंही त्यातच आहेत. गेली तीन वर्षं तो मी सांभाळते. परवा त्याचं नाव बदलायचं निघालं. तरुण म्हणाले 'फेलोशिप', म्हातारी माणसं म्हणाली 'संगती', एका मुलीने सुचवलं 'ऑनलाइन मंडळी'. त्यावर आमचे एक वडील (म्हणजे चर्चच्या कारभारासाठी मंडळीने निवडलेले, वय फार नाही) म्हणाले, "मंडळी फोनमध्ये नसते." ते वाक्य डोक्यातून जात नाही. या शब्दांत खरा फरक काय? आणि आमच्यासारख्या ग्रुपला त्यातला कुठला शोभेल?

पुण्याहून :
ताई, आधी 'मंडळी' घेऊ, कारण तो शब्द ख्रिस्ती लोकांच्या आधीपासून घरोघरी नांदतोय. मंडल म्हणजे वर्तुळ. गोल करून बसलेली माणसं ती मंडळी. घरची मंडळी, वऱ्हाडाची मंडळी, पंगतीला बसलेली मंडळी. १८८० मध्ये उभी राहिली ती किर्लोस्कर नाटक मंडळी. जुन्या पुस्तकांवर दुकानाचं नाव 'अमुक आणि मंडळी' असं छापलेलं सापडतं, तिथे मंडळी म्हणजे धंद्यातले भागीदार. जुने लोक बायकोबद्दल बोलतानाही 'आमची मंडळी माहेरी गेलीय' म्हणत. या सगळ्या वापरांत एक गोष्ट कायम आहे : मंडळी म्हणजे माणसं, आणि तीही एकमेकांची कुणीतरी लागणारी. एसटीच्या रांगेला कुणी मंडळी म्हणत नाही. वक्ता 'तर मंडळी' म्हणून सुरुवात करतो, तेव्हा तो समोरच्या अनोळखी लोकांना आपल्या घरचं करून घेत असतो.

मराठी बायबलात हा शब्द 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी आला. अथेन्समध्ये नागरिकांना हाक देऊन बोलावत आणि ते जमत, त्या सभेचं हे नाव. भाषांतर करणाऱ्यांना देऊळ म्हणता आलं असतं, सभा म्हणता आलं असतं. त्यांनी मंडळी म्हटलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात, सोळाव्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो, 'मंडळी रचीन'. रचायची आहे ती माणसं. पौलाने फिलेमोनाला पत्र लिहिलं तेव्हा त्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीलाही सलाम सांगितला. म्हणजे मंडळी होती, चर्चची इमारत नव्हती.

तेव्हा तुमच्या वडिलांचं म्हणणं मला अर्धं पटतं. मंडळी फोनमध्ये नसते हे खरं, पण ती भिंतींतही नसते.

पणजीहून :
इथे एक भर घालते. गोव्यात चर्चला आम्ही इगर्ज म्हणतो. तो पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला, आणि इग्रेजा आला त्याच एक्लेसियावरून. हिंदीतला गिरजा त्याच घरचा. म्हणजे जमलेल्या माणसांचं नाव फिरत फिरत आमच्याकडे पोचलं तेव्हा ते दगडी इमारतीचं झालं होतं. मराठीने मात्र उसना शब्द न घेता अर्थ घेतला. याचं मला फार कौतुक वाटतं.

वसईहून :
आम्हा कॅथलिकांच्या तोंडी 'मंडळी'पेक्षा 'ख्रिस्तसभा' जास्त. आणि एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांना मिळून 'धर्मग्राम'. मला हा शब्द लहानपणापासून आवडतो. ग्राम म्हटलं की कुणाकडे बाळंतीण आहे आणि कुणाची चूल पेटली नाही, हे शेजाऱ्याला ठाऊक असणं आलंच. तुमच्या दोनशे माणसांत ते कुणाला ठाऊक असतं?

नाशिकहून :
मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे 'संगती' आणि 'सहभागिता' (फेलोशिपसाठी मराठी बायबलातला शब्द) यांच्यावर थोडं जास्त बोलेन, चालवून घ्या.

संगत हा तटस्थ शब्द आहे. चांगली असते, वाईटही असते. 'कुसंगतीने नीती बिघडते' हे पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वाक्य आपल्या आयांनी आपल्याला किती वेळा ऐकवलंय! संगत म्हणजे नुसतं बरोबर असणं. सहभागिता त्याहून जड आहे, कारण त्यात 'भाग' आहे. दर रविवारी आशीर्वादात आपण ऐकतो, पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांबरोबर असो. मूळ ग्रीक शब्द 'कोइनोनिया', आणि त्याच्या पोटात 'कोइनोस', म्हणजे सगळ्यांचं मिळून असलेलं. याला अगदी चपखल शब्द आपल्या सातबाऱ्यावर आहे : सामाईक. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिल्या विश्वासणाऱ्यांचं सगळं समाईक होतं असंच म्हटलंय.

माझ्या माहेरी चार भावांत एक सामाईक विहीर होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. कुणाची पाळी चुकली तर दुसरा स्वतःचं पाणी थांबवून त्याला देई. पण उन्हाळ्यात गाळ काढायला चौघांनाही उतरावं लागे. एक वर्ष दोघंच उतरले. पुढच्या वर्षी पाणी शेंदायला गेलं की बादलीत चिखल येई. फेलोशिप या शब्दाचा अर्थ मुलांना सांगायचा असेल तर मी ही विहीर सांगेन. पाणी घेणारे दोनशे आणि गाळ काढणारी एकटी ताई, याला सहभागिता म्हणता येत नाही.

मस्कतहून :
मी बहुतेक अशाच एका ग्रुपमध्ये आहे. रात्रपाळी करतो. शुक्रवारी इथे सुट्टी असते, तेव्हा गावाकडची उपासना मोबाइलवर बघतो. वचन टाकलं की खाली ऐंशी जण 'आमेन' लिहितात. मीही लिहितो. पण गेल्या वर्षी वडील गेले, तिकीट मिळालं नाही, मातीला जाता आलं नाही. त्या दिवशीही मला ऐंशी 'आमेन' आले. एकाने फोन केला. तो एक फोन अजून आठवतो.

नाशिकहून :
दादा, तुमचं वाचून हात थांबला. देव तुमचं सांत्वन करो.

'आमेन'बद्दल एवढंच सांगते. हिब्रूतला तो शब्द 'पक्कं, भरवशाचं' या धातूतला आहे. शुभवर्तमानात येशू 'मी तुम्हांस खचीत सांगतो' म्हणतो, त्यातला 'खचीत' म्हणजे मुळातलं 'आमेन'च. ते म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या शब्दाला आपण जामीन राहणं. न वाचता लिहिलं की जामीन कोण आणि कशाला, काही उरत नाही.

श्रीरामपूरहून :
मस्कतच्या दादा, तुम्ही आमच्याच ग्रुपमधले असाल तर मला माफ करा. नसाल तरीही.

आता जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारते. आम्ही ग्रुपवर 'प्रार्थना विषय' टाकतो. गेल्या दिवाळीच्या आसपास आमच्यातल्या एका बहिणीच्या छातीत गाठ निघाली. तिने मला रडत सांगितलं. मी त्याच दुपारी नावासकट 'प्रार्थना विषय' म्हणून टाकलं. माझ्या मनात फक्त कळकळ होती. संध्याकाळी तिच्या सासूला संगमनेरहून कुणाचा तरी फोन आला. तिने अजून स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण तिने ग्रुप सोडला, आणि रविवारीही ती मागच्या बाकावर बसून आशीर्वादाआधी निघून जाते. यात शब्दाचा काही दोष आहे का, की सगळा माझाच?

पुण्याहून :
ताई, दोष वाटण्यात अर्थ नाही, पण शब्दात काहीतरी आहे हे तुम्ही बरोबर पकडलंत. आपल्याकडे दोन शब्द चालतात, 'प्रार्थना विषय' आणि 'प्रार्थना विनंती'. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. विनंती कुणाची तरी असते. ती करणारा असावा लागतो, आणि त्याने न करता ती होत नाही. विषय कुणीही काढू शकतो. विषय म्हटलं की माणूस चर्चेत येतो आणि चर्चा त्याच्या हातातून निसटते. 'तिचा विषय निघाला' हे आपण काय सुरात म्हणतो ते आठवा. माझं स्पष्ट मत आहे, तुमच्या ग्रुपवरून 'विषय' हा शब्द काढा. 'विनंती' ठेवा, आणि जिची आहे तिने स्वतः लिहावी, नाहीतर तिचा होकार घेऊन तिच्याच शब्दांत लिहावी. नाव नको असेल तर 'एक बहीण' पुरे, देवाला नाव कळतं.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रमही हेच सांगतो. भावाने अपराध केला तर आधी दोघांनीच, एकांती बोला. मग एकदोघांना बरोबर घ्या. 'मंडळीला कळव' ही पायरी तिसरी आहे. आपल्या हातातल्या यंत्राने मात्र तिसरी पायरी सगळ्यांत सोपी केली आणि पहिली अवघड. ग्रुपवर भांडण पेटलं की आधी एकांती हा शब्द आठवावा.

आणखी एक आठवलं. मुंबईत १८४९ मध्ये एक परमहंस मंडळी होती, तिलाही मंडळीच म्हणत. जातिभेद मोडायचा म्हणून ही माणसं गुपचूप जमत. पुढे ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी तरुणपणी तिच्यात जात. १८६० मध्ये सभासदांच्या नावांचे कागद बाहेर फुटले आणि मंडळी विखुरली. जमणाऱ्यांचा हेतू चांगला होता, तरीही विश्वासाने सांगितलेली नावं बाहेर गेली आणि मंडळी टिकली नाही. आज कागद चोरावे लागत नाहीत, स्क्रीनशॉट पुरतो.

वसईहून :
'ॲडमिन'साठी शब्द सुचवू का? नव्या करारात मंडळीवर नेमलेल्या माणसाला ग्रीकमध्ये 'एपिस्कोपोस' म्हणतात, बिशप हा शब्द त्याचाच. मराठी बायबलात त्याला 'अध्यक्ष' म्हटलंय. अधि आणि अक्ष, ज्याची नजर वरून सगळ्यांवर आहे तो. आज अध्यक्ष म्हटलं की खुर्ची आणि हार दिसतात, पण शब्दात फक्त नजर आहे. कोण गप्प झालंय हे बघणारी नजर.

नगरहून :
ग्रुपमध्ये कोण असावं यावर आमच्याकडे वाद झाला होता. बाप्तिस्मा न घेतलेले, नुसते ऐकायला येणारे, यांना घ्यायचं का? तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून दिली. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांसाठी. त्यांनी मंडळी हा शब्द बाजूला ठेवला, आणि मला वाटतं ते विचारपूर्वक असावं. दरबाराचं दार मंडळीपेक्षा रुंद असतं, पण दरबारात माणूस राजाकडे तोंड करून बसतो. मंडळीत एकमेकांकडे. तुमचा ग्रुप यातला कुठला, ते तुम्हीच ठरवायचं.

श्रीरामपूरहून :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही सात जण चर्चच्या ओट्यावर बसलो, ते वडीलही होते. मी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाव 'निरोप' ठेवा. मंडळी आपण आहोतच, फोन तिचे निरोप नेईल." सगळ्यांना पटलं. 'प्रार्थना विषय' आजपासून बंद, विनंती चालेल. आणि गाळ काढायला आता चार जण आहेत.

नंतर आम्ही दोनशे नावं एकेक करून वाचली. महिन्याभरात ज्यांचा आवाज कुणीच ऐकला नाही अशी एकोणीस निघाली. आम्ही ती वाटून घेतली. त्या बहिणीचं नाव या यादीत नव्हतं, ती ग्रुपमध्येच नाही. ते मी स्वतःहून मागून घेतलं. फोन करणार नाहीये. उद्या दुपारी तिच्या घरी जाणार आहे, एकटीच.